कुसुंबी साफ्यांची रांग

मानाजी ढवळ्यांबद्दल धारमध्ये दोन गोष्टी सांगत. एक म्हणजे त्यांना फुटबॉलचं वेड होतं. दुसरी म्हणजे परक्या बायकांकडे ते टक लावून बघत. पहिली गोष्ट खरी होती. दुसरीही, नुसतं डोळ्यांनी पाहायचं तर, खोटी नव्हती.

त्या काळी धार-देवासच्या मानकरी मराठा घरांतल्या बायका गोषात, म्हणजे पडद्यात, असत. त्यांची गाडी रस्त्यात थांबली, आतली बाई उतरू लागली, की आसपासचे पुरुष तोंड फिरवून उभे राहत. भिंत असली तर भिंतीकडे, नसली तर शेताकडे. हे कुणाला शिकवावं लागत नसे. मानाजीही असेच वाढले होते आणि वयाच्या एकतिसाव्या वर्षापर्यंत असेच वागले. १९०९ च्या जानेवारीनंतर मात्र त्यांनी तोंड फिरवणं सोडलं. बाकीचे पाठमोरे झाले तरी हे उभे असत तसेच उभे राहत, समोर बघत.

ढवळ्यांचं घराणं पवारांच्या फौजेबरोबर माळव्यात आलेलं. फौज गेली, जहागिरीचे तुकडे झाले, आणि मानाजींच्या वाट्याला संस्थानच्या पागेतली कारकुनी आली. घोड्यांचे नाल, औषधं, खोगिरांची दुरुस्ती हे त्यांचं काम. ते त्यांना मनापासून आवडे. पागेत त्यांची एक ख्याती होती. लांबून धूळ उडताना दिसली की ते कोणता घोडा येतोय ते सांगत. रंग दिसायच्या आत सांगत. कुणी विचारलं तर म्हणत, "तोंड काय, सगळ्यांचं सारखंच. चाल बघावी."

फुटबॉलही त्यांच्याकडे पागेतूनच आला. १९०३ साली एका साहेबाचा फाटलेला चेंडू शिवायला आला. खोगिरं शिवणाऱ्या म्हाताऱ्या मोच्यानं तो हातात घेऊन उलटासुलटा केला आणि म्हणाला, "इको तो पेट फाटी ग्यो, साब. अबे कंई करां?" मानाजींनी मेण लावलेल्या दोऱ्यानं, खोगिराला घालतात तसा दुहेरी टाका घातला. चेंडू पोचवायला स्वतः गेले. शिवण टिकते का ते पाहायला मैदानाच्या कडेला थांबले, आणि दिवेलागणीपर्यंत थांबूनच राहिले.

तेव्हापासून दर हिवाळ्यात ते महूच्या छावणीत जात. गोऱ्यांच्या पलटणींचे सामने शनिवारी दुपारनंतर होत. धारहून महू तेहतीस मैल. शनिवारची रजा घ्यायची, पहाटे निघायचं, घाटाबिल्लोदच्या चौकीवर घोडे बदलायचे, सामना बघायचा, रात्री धर्मशाळेत राहायचं आणि रविवारी परत. पागेत शिग्राम नावाची एक जुनी घोडागाडी पडून होती. वर छप्पर, चारी बाजूंनी जाड तांबडा पडदा. वरिष्ठांना विचारून ती मिळे. ती मिळू लागल्यापासून ते बायकोला आणि मुलीलाही नेऊ लागले. बायको उमाबाई, मुलगी कमल, १९०९ साली सहा वर्षांची.

उमाबाई तीनदा महूला गेल्या होत्या. महू त्यांनी पाहिलं नव्हतं. गाडी मैदानाशी आल्यावरही पडदा बंदच असे. दोन पडद्यांच्या फटीतून चेंडू त्यांना दिसे तो उंच उडाला तरच. तरी त्यांना ती सहल हवीशी वाटे. घाटाबिल्लोदच्या पुढे रस्त्यावर माणूस नसला की मानाजी स्वतः एक बाजू वीतभर वर करून देत. मग उमाबाई हरभऱ्याची शेतं बघत.

मानाजींच्या आई राजाबाई घरी राहत. घराण्याचं उरलंसुरलं त्यांच्या मते पडद्यातच होतं. "जमीन गेली, घोडी गेली. ढवळ्यांच्या सुनेचं नख मात्र अजून कुणी पाहिलं नाही," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. धारमध्ये घरामागच्या आडावर उमाबाई उघड्या तोंडानं पाणी काढत, कारण तिथं बघणारं कुणी नव्हतं. परगावी मात्र पडदा दुप्पट. परगावच्या लोकांना ढवळे कोण हे पडद्यावरूनच कळायचं होतं.

त्या जानेवारीतला सामना वेगळा होता. गोऱ्यांच्या पलटणीविरुद्ध पहिल्यांदाच देशी मुलांचा संघ उतरायचा होता. धार, देवास आणि इंदूरकडची मुलं, काही शाळेतली, काही कचेऱ्यांतले उमेदवार. बरीचशी अनवाणी खेळणारी. मानाजी महिनाभर दुसरं बोलत नव्हते. आपल्या मुलांना गर्दीत आपली माणसं ओळखू यावीत म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. धार-देवासच्या सगळ्यांनी त्या दिवशी कुसुंबी रंगाचा साफा बांधायचा आणि एका रांगेत उभं राहायचं. देवासच्या ओळखीच्या उदाजीरावांना त्यांनी तसं पत्रही टाकलं. उत्तर आलं, "साफे रंगवायला टाकले आहेत. गोलांचं तुम्ही बघा."

गुरुवारी कमलचा घसा दुखू लागला. शुक्रवारी वैद्यांनी लेप दिला आणि ताप फार नाही म्हणाले. त्या संध्याकाळी उमाबाईंनी कंदील धरून पोरीचा घसा पाहिला. आत करडी साय धरल्यासारखं दिसत होतं.

"उद्याचं राहू द्या," त्या म्हणाल्या.

"महूला पारशी डॉक्टर आहे," मानाजी म्हणाले. "धारमध्ये बसून लेपच लावायचा ना? तिथं नेऊ, दाखवू. विलायती औषध असतं त्याच्याकडे."

"दाखवायला नेताय की सामन्याला?"

मानाजी म्हणाले, "दोन्हीला. खोटं कशाला बोलू?"

राजाबाई आतून म्हणाल्या, "जायचंच असेल तर पडदा नीट बांधा. मागच्या खेपेला एक दोरी सुटलेली होती."

पहाटे पाचला शिग्राम निघाली. पुढे भेरू गाडीवान, त्याच्याशेजारी मानाजी, आत मायलेकी. थंडी कडक होती. ऊन आल्यावर कमलनं पडद्यातून नाक बाहेर काढलं. आवाज बसला होता, पण ती बोलायची थांबत नव्हती.

"आबा, पुस्तकाला पाय लागला की नमस्कार करायचा ना?"

"हो."

"आणि चेंडूला लागला की?"

भेरू हसला. मानाजी म्हणाले, "गोरे करत नाहीत. आपली पोरं करतात, मनातल्या मनात."

"म्हणून हरतात का?"

"ओ बई!" भेरू म्हणाला. "या तो साब से बी आगे निकली गई!"

"बोलू नकोस गं इतकं," आतून उमाबाई म्हणाल्या.

थोड्या वेळानं नाक पुन्हा बाहेर आलं. पुढचा खालचा दात हलत होता. जिभेनं तो पुढे-मागे करून तिनं वडिलांना दाखवला. मानाजी म्हणाले, परत येईपर्यंत पडेल, मग घराच्या कौलावर टाकू. घाटाबिल्लोदला चंबळेच्या काठी घोडे बदलले. उमाबाईंनी कमलला दूध पाजून पाहिलं. दूध नाकातून परत आलं. त्यांनी मानाजींना हाक न मारता पडद्यावर आतून दोनदा टिचकी मारली. चारचौघांत बोलवायची त्यांची तीच रीत होती. मानाजी जवळ आले. त्यांनी ओला पदर दाखवला.

"घोडे पळव," मानाजी भेरूला म्हणाले. पुढचे सतरा मैल पडदा कुणी वर केला नाही.

साडेबाराला ते दवाखान्यापाशी पोचले. डॉक्टर खेड्यावर गेले होते. कंपाउंडरनं मुलीला मानाजींच्या कडेवरच तपासलं, घसा बघितला आणि त्याचा चेहरा गंभीर झाला. "घटसर्प वाटतो. डॉक्टरसाहेब पाचपर्यंत येतात. आधीही येतील, सांगता येत नाही. सुई त्यांच्याकडेच आहे. श्वासाचा आवाज होऊ लागला तर ताबडतोब आणा, वेळ बघू नका."

"तोवर इथंच बसतो," मानाजी म्हणाले.

व्हरांड्यात बाकावर आणि खाली पंधरा-वीस पुरुष होते. शिपाई, टांगेवाले, दोन पठाण. बायकांसाठी वेगळी खोली नव्हती. गल्ली इतकी अरुंद की शिग्राम उभी केल्यावर मागे बैलगाड्या अडल्या आणि लोक ओरडू लागले. गाडी मैदानाकडे झाडाखाली लावा, दहा मिनिटांची वाट आहे, असं कंपाउंडरनंच सुचवलं. मानाजी पुढे कधी म्हणाले नाहीत की आपण सावलीसाठी मैदानावर गेलो. पण त्या क्षणी जाण्यासारखी दुसरी जागाही नव्हती. गोषातली बाई त्या व्हरांड्यात बसू शकत नव्हती. हे मानाजींना जितकं स्वाभाविक वाटलं तितकंच उमाबाईंनाही वाटलं.

गाडी मैदानापासून शंभरेक पावलांवर चिंचेखाली उभी राहिली. भेरूनं घोडे सोडले. त्यांना चारा घातला आणि साडेतीनच्या पुढे विहिरीवर नेलं; पाणी पाजून, चोळून आणायला तासभर तरी लागणार होता. घरचं पुरुष माणूस जवळ नसताना गाडीवानानं गाडीपाशी थांबायचं नाही, ही पद्धतच होती. मानाजी गाडीपाशी बसून राहिले. चारच्या सुमाराला मैदानावर बँड सुरू झाला. कमल झोपली होती.

"जा तुम्ही," उमाबाई आतून म्हणाल्या. "इथं बसून तरी काय करताय? पाचला निघायचंय एवढं लक्षात ठेवा."

पुढे मानाजींना ज्यांनी ज्यांनी दोष दिला त्यांना हे वाक्य माहीत नव्हतं. मानाजींनी ते कुणाला सांगितलं नाही. उमाबाईंनी नणंदेला सांगितलं, तेही एकदाच.

रांग जमली होती. चाळीसएक साफे, सगळे एकाच कुसुंबी रंगाचे, खाली काळे कोट. मानाजी मधोमध जाऊन उभे राहिले. शेजारी उदाजीराव होते, देवासच्या थोरल्या पातीच्या, म्हणजे थोरल्या राजाच्या, कचेरीत काम करणारे, जाडसर, बडबडे.

"या धारकर! ऐकतो की वहिनींनाही आणलंत. आमच्याकडे सामन्याला भाकरी नेतात, तुमच्याकडे भाकरी करणारी नेतात."

"तुमचं बघा आधी," मानाजी म्हणाले. "तुमच्या देवासात रस्त्याच्या या बाजूला एक राजा, त्या बाजूला दुसरा. तुमच्या गोलकीपरला आपला गोल कोणता हे कळलं म्हणजे मिळवली."

"त्याचं घर धाकट्या पातीत, शाळा थोरल्या पातीत. रोज हद्द ओलांडतो बिचारा. त्याला सगळे गोल आपलेच वाटतात."

सामना सुरू झाला. पहिल्या दहा मिनिटांत गोऱ्यांनी एक गोल केला. मानाजी चेंडूकडे क्वचितच बघत. ते पाय बघत. "तो उजवीकडचा गोरा लंगडतोय," ते म्हणाले. "टाच दुखतेय त्याची. त्या बाजूनं जा म्हणावं." उदाजीरावांनी तोंडाभोवती हात धरून तसं ओरडून सांगितलं. खेळणाऱ्याला ऐकू गेलं की नाही कोण जाणे, पण चेंडू त्या बाजूनं गेला आणि थोडक्यात चुकला.

मध्यंतर साडेचारला झालं. मानाजी धावत गाडीपाशी गेले.

"घशात घरघर होतेय," उमाबाई म्हणाल्या.

मानाजींनी पडद्याला कान लावला. त्यांना झोपलेल्या मुलाच्या श्वासासारखाच आवाज आला. त्यांनी घड्याळ पाहिलं. "भेरू अजून आला नाही. घोडे आले की लगेच निघू. पाचाच्या आत जाऊन तरी डॉक्टर कुठं भेटणार? दहा मिनिटांत येतो."

वेळ बघू नका, असं कंपाउंडर म्हणाला होता. मानाजींनी वेळ पाहिली होती.

चार वाजून पन्नास मिनिटांनी त्यांनी पुन्हा घड्याळ काढलं. त्याच वेळी उजव्या बाजूनं अनवाणी मुलगा चेंडू घेऊन निघाला, लंगडणारा गोरा मागे पडला, आणि चेंडू गोलात गेला. बरोबरी. चाळीस साफे हवेत उडाले. उदाजीरावांनी मानाजींना मिठी मारली. मानाजींनी घड्याळ खिशात टाकलं. आणखी पाच मिनिटं, असं त्यांनी ठरवलं.

गाडीत कमल त्या ओरड्यानं दचकून उठली होती. तिनं श्वास घ्यायला तोंड उघडलं आणि श्वास आत गेला नाही. ओठ निळे पडू लागले. उमाबाईंनी पडद्यावर टिचकी मारली, मग मूठ आपटली, मग पडदा बाजूला केला. झाडाखाली कुणी नव्हतं. गाडीला घोडे नव्हते. दवाखाना दहा मिनिटांवर होता, पण कोणत्या दिशेला ते त्यांना ठाऊक नव्हतं, कारण दोन्ही वाटा त्या पडद्याआडून आल्या होत्या. त्यांनी पोरीला खांद्यावर घेतलं आणि खाली उतरल्या. दोन्ही हात अडकले होते. पदर डोक्यावरून घसरला, तो परत घ्यायला हात नव्हता.

शंभर पावलं त्या चालत, मग पळत आल्या. रांगेच्या टोकाच्या कुणीतरी मागे पाहिलं. "बाई माणूस येतंय," तो हलकेच म्हणाला, आणि तो शब्द रांगेतून सरकत गेला. उदाजीराव मानाजींच्या कानाशी म्हणाले, "मागे बघू नका. कुणाच्या तरी घरचं माणूस गोषा सोडून बाहेर पडलंय."

मानाजींनी मान ताठ केली आणि समोर बघत राहिले. चाळीस माणसांनी तेच केलं. रांगेतली माणसं सभ्य होती.

उमाबाईंना चाळीस पाठी दिसल्या. सारखे साफे, सारखे कोट. नवऱ्याचं नाव घेणं त्यांच्या जिभेला माहीत नव्हतं. परपुरुषाला हात लावून वळवणं त्याहून नाही. त्या म्हणाल्या, "अहो." मैदानावर गोंगाट होता, आणि घराबाहेर आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती. ज्या दोघा-चौघांना ऐकू गेलं त्यांना वाटलं, हे दुसऱ्या कुणासाठी आहे. त्या एका पाठीमागून दुसऱ्या पाठीमागे गेल्या. मग त्यांना वाटलं, समोरून पाहिलं तर चेहरा दिसेल. रांगेला वळसा घालून त्या चुन्याची रेघ ओलांडून मैदानात शिरल्या.

त्या समोर येताहेत हे दिसताच रांग वळली. टोकापासून एकेक माणूस मागे फिरला, वाऱ्यानं पीक वाकावं तसा. उमाबाईंसमोर पुन्हा पाठीच होत्या.

वळता वळता मानाजींना डोळ्याच्या कोपऱ्यातून एक बाई दिसली. उंच, डोकं उघडं, खांद्यावर काहीतरी घेतलेली, लांब टांगा टाकत येणारी. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. या नऊ वर्षांत त्यांनी बायकोला माजघरापासून आडापर्यंतच चालताना पाहिलं होतं. मैदानातून पळताना ती कशी दिसते हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्या मनात आलं, ज्याची कुणाची असेल, त्याची मान आज खाली गेली. आणि त्यांनी पाठ केली.

हे किती वेळ चाललं? उमाबाई म्हणत, घटकाभर. उदाजीराव म्हणत, पाच मिनिटंसुद्धा नाही.

मैदानात बाई पाहून पंचानं शिट्टी मारली. खेळ थांबला. एकदम शांत झालं. त्या शांततेत उमाबाईंचा आवाज आला, मोठा नव्हता, पण स्पष्ट होता.

"कमलचे आबा."

मानाजी वळले.

मुलीला घेऊन ते दवाखान्याकडे पळाले. मागे उमाबाई, त्यांच्या मागे धापा टाकत उदाजीराव. डॉक्टर साडेचारलाच परत आले होते. त्यांनी पोरीला टेबलावर ठेवलं, घसा बाहेरून उघडायला हत्यार हातात घेतलं, नाडी पाहिली आणि हत्यार परत ठेवलं. सव्वापाच वाजले होते.

मानाजींनी विचारलं, "अर्धा तास आधी आणली असती तर?"

डॉक्टर प्रामाणिक होते. ते म्हणाले, "कदाचित. नक्की सांगता येत नाही."

रविवारी सकाळी तिला महूबाहेरच्या नाल्याकाठी नेलं. ढवळ्यांकडे दुधाचे दात पडायच्या आत मूल गेलं तर पुरत, पडल्यावर गेलं तर अग्नी देत. उदाजीरावांना ही रीत माहीत होती. त्यांनी मानाजींना विचारलं, "दात पडलाय का?" मानाजींनी उमाबाईंकडे पाहिलं. उमाबाई म्हणाल्या, "हलत होता. पडला नाही."

गुंडाळायला कपडा आणायला उदाजीराव बाजारात जायला निघाले. उमाबाईंनी त्यांना थांबवलं. त्या गाडीपाशी गेल्या, राजाबाईंनी बांधायला लावलेल्या दोऱ्या एकेक करून सोडल्या आणि तांबडा पडदा चारी बाजूंनी काढला. तो दुहेरी, जाड कपडा होता. थंडीचे दिवस होते. त्यातच कमलला ठेवलं.

परतीचे तेहतीस मैल शिग्राम उघडी होती. उमाबाई आत समोर तोंड करून बसल्या होत्या. घाटाबिल्लोदला घोडे बदलणारी माणसं मानाजींना ओळखत होती. उघडी गाडी आणि उघडी बाई बघून त्यांनी रीतीप्रमाणे तोंडं फिरवली. उमाबाई भेरूला म्हणाल्या, "त्यांना सांग, इकडे बघा. पाणी हवंय." भेरूनं मानाजींकडे पाहिलं. मानाजी म्हणाले, "सांग."

दारात राजाबाई उभ्या होत्या. गाडी थांबायच्या आधीच त्यांचा आवाज चढला. "पडदा कुठाय?"

"कमलच्या अंगावर आहे," उमाबाई म्हणाल्या आणि उतरल्या.

राजाबाईंनी गाडीत पाहिलं. मग त्या उंबऱ्यावर बसल्या. त्यानंतर त्या सात वर्षं जगल्या, पण पडद्याविषयी त्यांच्या तोंडून पुन्हा शब्द निघाला नाही.

त्या सामन्याचा शेवट काय झाला हे मानाजींनी कधी विचारलं नाही. उदाजीराव सांगायला आले तेव्हा ते उठून आत गेले. फुटबॉल मात्र त्यांनी सोडला नाही, आणि लोकांना कोडं पडलं ते इथंच. पुढे धारमध्येही मुलं खेळू लागली. सामना असला की मानाजी मैदानावर येत, रांगेत उभे राहत, आणि मैदानाकडे पाठ करत. तोंड गाड्यांकडे. चेंडू कुठं चाललाय हे लोकांच्या ओरडण्यावरून त्यांना कळे. मागे गोल झाला तरी ते वळत नसत. पोरं त्यांना हसत. "भिया, सामनो इदर हे!" असं ओरडत.

हसण्यापर्यंत ठीक होतं. पण गोषाच्या गाड्यांपाशीही ते असेच बघत उभे राहत. एका मानकऱ्यानं तक्रार केली, मग दुसऱ्यानं. पागेच्या एका अधिकाऱ्यानं त्यांना बोलावून घेतलं. तो वयानं लहान होता आणि त्याला अवघडल्यासारखं होत होतं.

"मानाजीराव, चांगल्या घरचे तुम्ही. तोंड फिरवायला काय जातं?"

मानाजी म्हणाले, "कुणी कुणाला शोधत असेल, साहेब. चेहरा दिसलेला बरा."

अधिकाऱ्याला हे उत्तर उर्मट वाटलं. पागेत मोठ्या घरच्या गाड्या रोज येत, तेव्हा असा माणूस तिथं ठेवणं शक्य नव्हतं. मानाजींची बदली गावाबाहेर, महूच्या रस्त्यावरच्या गवताच्या कोठारावर झाली. तिथं घोडे नव्हते, गाड्या नव्हत्या, बायकाही नव्हत्या. उरलेली अठरा वर्षं त्यांनी तिथंच काढली. परक्या बायकांकडे बघणारा म्हणून त्यांचं नाव गावात राहिलं ते राहिलंच. खरं कारण सांगितलं असतं तर ते पुसलं गेलं असतं. मानाजींनी ते सांगितलं नाही, आणि उमाबाईंनीही नाही.

त्यांना दुसरं मूल झालं नाही. घरात दोघांचं बोलणं कामापुरतं असे. त्या दिवसाबद्दल उमाबाईंनी नवऱ्याला एकदाही बोल लावला नाही. क्षमा केली असंही कधी म्हणाल्या नाहीत.

दुपारचा डबा त्या स्वतः घेऊन जात, उघड्या तोंडानं, एकट्या, दीड मैल चालत. रस्ता सरळ होता, दोन्ही बाजूंना गवताच्या गंज्या. कोठारावरचा चौकीदार सांगे, बाराच्या सुमाराला साब हातातलं काम ठेवून फाटकाशी येऊन उभे राहत. लांबून गावाकडच्या बायका येत-जात असत, कुणी भारे घेऊन, कुणी पोरं घेऊन. त्यातली आपली कोणती हे चौकीदाराला ती अगदी फाटकाशी येईपर्यंत कळत नसे.

"वा देखो, अई री हे," मानाजी त्याच्याच बोलीत म्हणत. रस्त्याच्या टोकाला तेव्हा नुसता एक ठिपका असे.

"इत्ती दूर से कसो ओळखो, साब?"

"चालीवरून," ते म्हणत, आणि ती पोचेपर्यंत फाटकाशी तसेच उभे राहत, तोंड रस्त्याकडे करून.